विद्येची अट

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर 'कथेतील माणसे जादू कशी शिकतात?' हा विषय वाचून कित्येकांना हसू आले असेल. कापसाचा भाव, पाण्याची टंचाई, मुलांच्या नोकऱ्या असे जिव्हाळ्याचे विषय समोर असताना आम्ही हे पोरखेळाचे प्रकरण कोठून काढले, असेही कोणाच्या मनात आले असेल. त्यांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. विषय पोरखेळातूनच निघाला, हेही खरे आहे. परंतु त्याचा शेवट पोरखेळात होत नाही, एवढे ऐकून घेण्याची श्रोत्यांना विनंती आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या ओट्यावर चार-पाच मुले रोज संध्याकाळी जमत. हातात कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक चमत्कारिक फासा. एकजण गोष्ट सांगे, बाकीचे त्या गोष्टीतील पात्रे होत. एक योद्धा, एक चोर, एक मांत्रिक. खेळ रंगात आला असता मांत्रिक झालेला मुलगा म्हणाला, "माझे गुण पुरे झाले, आता मला अग्नीचा मंत्र येतो." आम्ही सहज विचारले, "कालपर्यंत येत नव्हता ना? मग रातोरात शिकलास कोणापाशी?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी त्यातला एक धीट मुलगा म्हणाला, "आजोबा, गुण झाले की येतो. शिकावा लागत नाही." हे उत्तर आमच्या मनात सलत राहिले, आणि त्यातून हे व्याख्यान उभे राहिले.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द. अशा खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या नियमांत जादूगाराने पोथी उघडून मंत्र पाठ करावयाचा असे. गंमत अशी की, एकदा म्हटलेला मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जाई व पुन्हा पोथी घेऊन बसावे लागे. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या 1950 मध्ये निघालेल्या एका पुस्तकावरून घेतलेली होती. पुढे या खेळात जादू मिळण्याचे निरनिराळे रस्ते झाले. कोणी अभ्यासाने मिळवतो, कोणाला दैवताच्या प्रसादाने लाभते, कोणाच्या रक्तातच असते, तर कोणी एखाद्या अदृश्य सामर्थ्याशी करार करून ती पदरात पाडून घेतो. अभ्यास, प्रसाद, वंश आणि करार असे हे चार रस्ते म्हणता येतील. म्हणजे मुलांच्या खेळातही 'शिकला कोणापाशी?' या प्रश्नाला जागा होती. गुणांची बेरीज करण्याच्या नादात मुलांनी तो वगळला, इतकेच.

आता आपण आपल्या घरातल्या गोष्टींकडे वळू. कच-देवयानीची कथा ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. खाडिलकरांचे 'संगीत विद्याहरण' 1913 मध्ये रंगभूमीवर आले आणि खांडेकरांच्या 'ययाति'तही कच भेटतो, म्हणून तिची आठवण ताजी राहिली आहे. शुक्राचार्यांपाशी मेलेल्यास उठवण्याची संजीवनी विद्या आहे. ती मिळवण्यासाठी देवांनी बृहस्पतीचा पुत्र कच यास त्यांच्याकडे धाडले. कच काही मंत्र चोरत नाही. तो गाई राखतो, समिधा आणतो, गुरूची व गुरुकन्येची सेवा करतो. असुर त्याला एकदा मारून लांडग्यांपुढे टाकतात, दुसऱ्यांदा त्याचे चूर्ण करून समुद्रात मिसळतात आणि तिसऱ्यांदा त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजतात. आता कच जगावयाचा तर गुरूचे पोट फाडून बाहेर यावयाचा, आणि गुरू जगावयाचे तर कच गेला. या पेचातून एकच वाट उरते. गुरूने पोटातल्या शिष्याला विद्या शिकवावी, शिष्याने बाहेर येऊन गुरूला उठवावे. कथाकाराने विद्या मिळण्याचा क्षण कसा निवडला आहे पाहा! गुरूचा जीव शिष्याच्या हाती आहे, आणि शिष्याने विश्वासघात केला तर त्याला विचारणारे कोणी नाही. विद्येची खरी परीक्षा मंत्र पाठ झाला की नाही ही नसून, शिष्य मागे वळून गुरूला उठवतो की नाही ही आहे.

पण एवढ्यावर कथा संपत नाही. कचाने देवयानीचे प्रेम नाकारले तेव्हा तिने शाप दिला की, ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मला न फळो, मी जिला ती शिकवीन त्या शिष्यपरंपरेला फळेल. म्हणजे तीनदा मरून मिळवलेली विद्या त्याच्या स्वतःच्या उपयोगाची राहिली नाही. तो केवळ ती पुढे नेणारा झाला. आजन्म दुसऱ्यांची मुले परीक्षेस बसवणाऱ्या शिक्षकांना या शापाचा अर्थ अधिक समजावून सांगावा लागणार नाही.

या कथेतून आमचे मुख्य म्हणणे निघते ते असे. कथेतील विद्येचे महत्त्व तिच्या सामर्थ्यात नसते, तिच्या अटीत असते. ती कोणी दिली, कशाच्या बदल्यात दिली आणि कोणत्या बोलीवर दिली, यावर पुढची सारी कथा उभी राहते. मिळवताना जी अट पडली तीच शेवटी फळाला येते.

याचा दुसरा पुरावा पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा पैनगंगेने आखलेली आहे. ती ओलांडली की नांदेड जिल्ह्यातील माहूरगड लागतो. रेणुकेचे ते ठाणे, म्हणजे परशुरामाच्या आईचे. आपल्याकडील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता आहे. तिथली लोककथा सांगते की, आईचे दर्शन होईपर्यंत मागे वळून पाहू नकोस अशी परशुरामाला ताकीद होती. त्याच्याने राहवले नाही, तो वळला, आणि तोवर भूमीतून वर आलेले आईचे केवळ मुखच त्याला दिसले. म्हणून माहूरला देवीचा तांदळा आहे, पूर्ण मूर्ती नाही. अट मोडल्याचा परिणाम कथेने दगडात दाखवून ठेवला आहे.

हाच परशुराम पुढे कर्णाचा गुरू झाला. ब्रह्मास्त्र मिळावे म्हणून कर्णाने आपण भृगुकुळातील ब्राह्मण असल्याचे खोटेच सांगितले. गुरू मांडीवर डोके ठेवून निजले असता किडा मांडी पोखरू लागला. रक्त वाहू लागले, पण गुरूची झोप मोडेल म्हणून कर्ण हलला नाही. त्या सहनशक्तीनेच त्याचे बिंग फोडले, कारण एवढे सोसणारा ब्राह्मण असू शकत नाही असे परशुरामाने ताडले. ऐन निकराच्या वेळी हे अस्त्र तुला आठवणार नाही, असा शाप मिळाला. कर्णाने खोटे सांगितले हे खरे. परंतु खरे सांगितले असते तर त्याला दारातून परत धाडले असते, हेही तितकेच खरे आहे. एकलव्याने तर खोटेही सांगितले नाही. मातीच्या पुतळ्यापुढे बसून तो आपल्या बळावर शिकला, आणि जे द्रोणांनी कधी दिलेच नव्हते त्याची दक्षिणा म्हणून त्याला अंगठा द्यावा लागला. एखाद्या कल्पित जगात विद्या कशी मिळते हे सांगताना ती कोणाला नाकारली जाते हेही कथाकार सांगून जातो. त्याची इच्छा असो वा नसो, त्या जगाचा न्याय-अन्याय तेथे उघडा पडतो.

आता एक गोष्ट खास आपल्या विदर्भाची. दमयंती ही विदर्भराजाची कन्या, तिचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या काठचे, आजच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर, अशी आपल्याकडील परंपरा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहिला होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली आणि ऋतुपर्ण एका दिवसात विदर्भ गाठण्यास निघाला. वाटेत बेहड्याचे झाड लागले. राजाने रथातूनच त्याची पाने आणि फळे किती ते सांगितले. बाहुकाने रथ थांबवला व मोजून पाहिले, तो आकडा तंतोतंत जुळला. तेव्हा नलाने ती मोजणीची विद्या, म्हणजेच फाशांचे मर्म, मागितले आणि बदल्यात आपली घोड्यांची विद्या देऊ केली. ते मर्म कळताच त्याच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडला आणि त्याच बेहड्याच्या झाडात जाऊन दडला.

या कथेत गुरू आणि शिष्य पायरीने लहानमोठे नाहीत. सारथी राजाला शिकवतो, राजा सारथ्याला शिकवतो. शिवाय ही विद्या कोणत्याही चमत्काराची नाही, ती गणिताची आहे. त्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेची खुबी कळते. ज्याने माणसाला बुडवले त्याचेच मर्म शिकून तो वर येतो. आपल्या जिल्ह्यातील सागाच्या रानात बेहड्याची झाडे आहेत. ओट्यावरच्या मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा वीस पैलूंचा फासा हातात घेऊन ती थोडा वेळ गप्प बसली.

मराठीत जादूच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा साठा म्हणजे धुंडिसुत मालूचा 'नवनाथ भक्तिसार'. शके 1741 मध्ये, म्हणजे इ.स. 1819 मध्ये, हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ पुरा झाला आणि श्रावणात आजही घरोघरी त्याचे पारायण होते. मच्छिंद्रनाथाला पहिला उपदेश मिळाला तो माशाच्या पोटात, शिव पार्वतीला सांगत असता कानावर पडला म्हणून. पण ऐकीव ज्ञानावर ग्रंथकार थांबत नाही. पुढे मच्छिंद्राला तप करावे लागते, दत्तात्रेयांचा अनुग्रह घ्यावा लागतो, सप्तशृंगीच्या देवीला शरण जावे लागते आणि एकेका दैवताला प्रसन्न करून त्याचे वचन मिळवावे लागते. तेव्हा कोठे शाबरी विद्या सिद्ध होते. शाबरी मंत्रांचे वैशिष्ट्य असे की, ते संस्कृतात नसून लोकांच्या बोलीत असतात. देवांशी बोलावयास पंडिताची भाषा लागत नाही, हा त्यामागचा विचार केवढा धीट आहे!

त्याच ग्रंथातील गहिनीनाथाच्या जन्माची हकीकत तर खेळ रचणाऱ्यांनी अवश्य वाचावी. गोरक्ष हा संजीवनी मंत्र घोकीत बसला होता. गावातली पोरे चिखलाची गाडी करून खेळत होती. त्यांना गाडीवान जमेना, म्हणून त्यांनी गोरक्षाला गळ घातली. तो मंत्र पुटपुटत चिखलाचा पुतळा करू लागला आणि पुतळा सजीव झाला! पोरे भुताच्या भयाने पळाली. अभ्यास चालू असतानाच, शिष्याच्या नकळत, विद्येने काम केले. त्या पुतळ्याचा जो गहिनीनाथ झाला, त्याच्याकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना परंपरा मिळाली, असे संप्रदाय मानतो. चुकून घडलेल्या गोष्टीचीही जबाबदारी घ्यावी लागते, मूल टाकून देता येत नाही, असा धडा या कथेत आहे.

परदेशातील उत्तम कथाही हेच सांगतात. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी 1968 मध्ये निघाली. तिच्यात रोक नावाच्या बेटावर जादूगारांची शाळा आहे आणि तेथे वस्तूंची खरी नावे शिकवतात. तिचा नायक गेड याचा पहिला गुरू ऑगियन हा त्याला जादू शिकवण्याऐवजी गप्प राहावयास शिकवतो. मुलाला घाई झालेली असते. गुरू बाहेर गेलेला पाहून तो पोथी उघडतो आणि न पेलणारे पान वाचून बसतो. तेथून एक काळी छाया त्याच्या मागे लागते. आपल्या कर्णाची आणि या गेडची भेट झाली असती तर दोघांना एकमेकांचे दुःख लगेच कळले असते.

याखेरीज आपल्या जिल्ह्यात आणखी एक रीत आहे. ती ग्रंथातली नव्हे. कोलाम, गोंड, परधान ही मंडळी आपल्या शेजारची. 1940 च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या डोंगरांत राहून त्यांच्या जीवनाची पाहणी केली. तिथल्या गोंडांच्या गावीही डोंगर-रानाच्या दैवतांची पूजा कोलामांकडे सोपवलेली असे, कारण या भूमीचे आधीचे रहिवासी ते, तेव्हा भूमीच्या देवांशी त्यांचीच ओळख जुनी. परधान हे गोंडांचे कथेकरी. देवांच्या आणि कुळांच्या कथा मुलगा बापाच्या मागे बसून, किंगरीच्या सुरांवर ऐकत ऐकत शिकतो. येथे विद्या पोथीतून येत नाही, भूमीशी आणि नात्याशी असलेल्या जुन्या बांधिलकीतून येते. तथापि एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा त्या लोकांचा धर्म आहे, खेळातला शृंगार नव्हे. कल्पित जग रचणाऱ्याने त्यांची देवनावे उचलून वापरू नयेत. ज्ञान कोणत्या नात्यातून वाहते, एवढे मात्र त्यांच्यापासून अवश्य शिकावे.

मग ज्या मुलांना, किंवा होतकरू लेखकांना, स्वतःचे जग रचावयाचे आहे त्यांनी काय करावे? आमच्या मते मंत्रांची यादी करण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावी. पहिला, ही विद्या देतो कोण आणि नाकारतो कोणाला? दुसरा, ती मिळवताना शिकणाऱ्याचे काय जाते? कचाचा देह जातो, एकलव्याचा अंगठा जातो, नलाला आपले घोड्यांचे गुपित द्यावे लागते. तिसरा, तिची अट कोणती आणि ती मोडल्यास काय घडते? ही तीन उत्तरे पक्की असतील तर मंत्र दोनच असले तरी कथा चालेल. ती नसतील तर दोनशे मंत्रांनीही चालणार नाही. आणि एक पथ्य मात्र पाळावे. अट वाचकाला आधी सांगावी. कर्णाला शाप आहे हे आपणांस आधीपासून ठाऊक असते, म्हणून त्याचे चाक रुतते तेव्हा आपला जीव कासावीस होतो. शाप जर त्याच क्षणी सांगितला असता तर ती लबाडी झाली असती.

येथवर खेळाची आणि कथेची गोष्ट झाली. परंतु आरंभी आम्ही म्हटले की विषयाचा शेवट पोरखेळात होत नाही, त्याचे कारण आता सांगतो.

आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. खरिपाच्या दिवसांत, तणात हात घालताना किंवा रात्री पिकाला पाणी देताना, साप चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. गावात मंत्र जाणणारा कोणी असतो. ग्रहणात नदीच्या पाण्यात उभे राहून मंत्र सिद्ध केला, हाक आली की जेवते ताट सोडून जावयाचे, पैसा घ्यावयाचा नाही, अशा त्याच्या अटी लोक आदराने सांगतात. अटी कथेसारख्याच सुंदर आहेत, यात शंका नाही. पुष्कळदा साप बिनविषारी असतो, किंवा विषारी साप चावूनही विष अंगात सोडत नाही. माणूस वाचतो आणि मंत्राची कीर्ती वाढते. पण ज्या दिवशी खरोखर विष अंगात गेलेले असते त्या दिवशी मंत्रापाशी गेलेला एक तास परत मिळत नाही. त्यावर सर्पविषरोधक लस हाच उपाय आहे आणि ती रुग्णालयात मिळते.

पैसा न घेणारा मांत्रिक निदान प्रामाणिक असतो. भोंदूचे तसे नाही. पहिल्या दिवशी लिंबू पुरते. गुण आला नाही तर कोंबडे लागते, मग अमावस्या लागते, मग शेजारच्या म्हातारीने करणी केली असे निघते. 2021 च्या ऑगस्टात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी, जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना भरचौकात बांधून मारले गेले. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. कथेत अट आधी सांगितलेली असते. भोंदूच्या दारात ती नंतर सांगितली जाते, आणि दरवेळी बदलते. जो मुलगा कथेतील अट ओळखावयास शिकला, त्याला हा फरक कळावयास वेळ लागणार नाही, अशी आमची आशा आहे.

कोणी म्हणेल, मग या कथाच बंद कराव्या. आम्ही तसे म्हणत नाही, आणि कायदाही तसे म्हणत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मात्र हरिकथा, कीर्तन, प्रवचन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना त्याने हात लावलेला नाही. कथा सांगणे आणि माणूस फसवणे यांतली रेषा कायद्याने नीट ओळखली आहे. ती आपणही ओळखावी.

यवतमाळला कथेचे वावडे कधीच नव्हते. 1973 चे साहित्य संमेलन ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली याच गावी भरले, आणि 2019 चे अरुणा ढेरे यांच्या. लोकसाहित्याचा मायेने अभ्यास करणाऱ्या विदुषीला येथून मान मिळाला, हे आपल्या गावाला साजेसेच झाले. तेव्हा घरी जाऊन मुलांचे फासे काढून घेऊ नका. उलट त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुझा मांत्रिक शिकला कोणापाशी?"

आमच्या ओट्यावरच्या मुलाने दुसऱ्या दिवशी उत्तर आणले. त्याच्या मांत्रिकाला अग्नीचा मंत्र एका म्हाताऱ्या कुंभारणीने शिकवला आहे. अट एवढीच की, त्या अग्नीने कोणाचे घर जाळावयाचे नाही. जाळले तर त्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या चुलीत जाळ धरणार नाही. गुण मोजण्याचे काम त्या संध्याकाळी मागे पडले. घर जाळावे की न जाळावे, यावर मुले दिवेलागणीपर्यंत भांडत होती.